शेवंतीला ऑगस्ट कसा कळतो?

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरला राहत असाल, तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी कल्याणच्या बाजार समितीतील फुलबाजार एकदा जरूर पाहा. पहाटेच्या अंधारातच तिथे पुणे, नाशिक, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून आलेल्या गाड्या उभ्या असतात. झेंडूचे आणि शेवंतीचे ढीग लागलेले असतात. त्या एका दिवशी फुलाला जो भाव मिळतो, तो दुसऱ्या दिवशी मिळत नाही. दसरा उलटला की तेच फूल पडेल त्या भावाला द्यावे लागते, नाही तर टाकून द्यावे लागते. म्हणजे शेतकऱ्याच्या चार-पाच महिन्यांच्या श्रमाचे मोल एका तारखेवर अवलंबून असते.

आता ही तारीख पाहा. २०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला आला होता, तर २०२५ साली तो २ ऑक्टोबरला आला. दोन वर्षांत बावीस दिवसांचा फरक! आपले सण चंद्राच्या गतीवर चालतात, त्यामुळे ते असे मागे-पुढे होतात. पण शेवंतीला चंद्राशी काही देणेघेणे नसते. तिचे पंचांग पूर्णपणे सौर आहे. दरवर्षी ठरावीक दिवसांतच तिला कळ्या धरतात. मग सूर्याप्रमाणे चालणारे झाड आणि चंद्राप्रमाणे चालणारा सण यांची गाठ शेतकऱ्याने घालायची कशी? आणि मुळात झाडाला तारीख कळते तरी कशी? आज आपण हेच पाहू या.

फुलायला तयार नसलेली तंबाखू

ही गोष्ट सुरू होते अमेरिकेत, वॉशिंग्टन शहराजवळच्या शेतकी खात्याच्या प्रक्षेत्रावर. तेथे गार्नर आणि अॅलर्ड हे दोन शास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांच्याकडे तंबाखूची 'मेरीलँड मॅमथ' नावाची एक जात होती. उन्हाळ्यात शेतात ती नुसती वाढतच जाई. माणसाच्या डोक्यावर जाई, ढीगभर पाने धरी, पण फूल म्हणून येत नसे. थंडी पडून झाड मरायची वेळ येई, तरी बी हाती लागत नसे. तीच झाडे हिवाळ्यात काचघरात लावली, तर मात्र लहानपणीच फुलत.

असे का व्हावे? काचघरातील ऊब, खत, पाणी, माती असे एकेक कारण त्यांनी तपासून बाजूला सारले. शेवटी एकच फरक उरला. हिवाळ्यात दिवस लहान असतो! १९१८ सालच्या उन्हाळ्यात त्यांनी एक साधा प्रयोग केला. तंबाखू आणि सोयाबीन यांच्या काही कुंड्या ते दुपार सरताच अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवू लागले आणि सकाळी उशिरा बाहेर काढू लागले. भर उन्हाळ्यात झाडांना असा खोटा हिवाळी दिवस मिळाला, आणि झाडे फुलली! १९२० साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. दिवसाच्या लांबीला प्रतिसाद देण्याच्या या गुणाला मराठीत 'दीप्तिकालिता' म्हणतात.

त्यानंतर वनस्पतींचे तीन गट पाडण्यात आले. दिवस ठरावीक मर्यादेहून लहान झाला की फुलतात त्या लघुदिनी वनस्पती; शेवंती, पॉइन्सेटिया आणि आपल्या कोकणातील जुनी गरवी भाते ही यांची उदाहरणे होत. दिवस मोठा झाला की फुलतात त्या दीर्घदिनी. पालक आणि गहू या गटात येतात. आणि ज्यांना दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा नसते त्या दिनउदासीन. गुलाब त्यांपैकी एक.

झाड मोजते ती रात्र

येथे एक गंमत आहे. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम या काटेरी फळांच्या तणावर प्रयोग केले. हे तणही लघुदिनी आहे. दिवसा मध्येच थोडा वेळ अंधार केला, तर त्याच्या फुलण्यात काही फरक पडला नाही. पण लांब रात्रीच्या मध्यावर अगदी थोडा वेळ दिवा लावला, तर झाड फुलायचे थांबले! म्हणजे झाड दिवस मोजत नव्हते, तर सलग काळोख मोजत होते. 'लघुदिनी' ऐवजी 'दीर्घरात्री' म्हटले असते तर अधिक बरोबर झाले असते. पण तोवर नाव रुळून गेले होते.

हा काळोख मोजतो कोण? पानांमधील 'फायटोक्रोम' नावाचे रंगद्रव्य या कामात मुख्य आहे. त्याची दोन रूपे असतात. तांबडा प्रकाश पडला की ते एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, आणि त्याहून थोडा अधिक लांब तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद तांबडा प्रकाश पडला की ते परत पहिल्या रूपात येते. विजेच्या बटणासारखेच हे, एकदा चालू, एकदा बंद. बोर्थविक आणि हेंड्रिक्स या शास्त्रज्ञांनी १९५२ साली हा उलटसुलट खेळ सिद्ध केला, आणि १९५९ साली हे द्रव्य प्रत्यक्ष ओळखता आले. झाडाच्या अंगी एक चोवीस तासांचे घड्याळही असते. त्या घड्याळाच्या कोणत्या वेळी फायटोक्रोमला उजेड दिसला, यावरून झाड रात्रीची लांबी ठरवते.

रात्र मोजतात पाने, पण कळी येते शेंड्याला. मग निरोप कसा पोहोचतो? रशियन शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३० नंतरच्या दशकात हे शोधले, आणि त्यासाठी त्यांनी वापरले होते आपल्या ओळखीचेच झाड, शेवंती! त्यांनी वरच्या भागाची पाने काढून टाकली. खालच्या पानांना लहान दिवस आणि उघड्या शेंड्याला मोठा दिवस दिला, तरी झाड फुलले. उलट केले तेव्हा फुलले नाही. पानांकडून शेंड्याकडे काहीतरी निरोप्या जात असला पाहिजे, असे म्हणून त्यांनी त्याला 'फ्लोरिजेन' हे नाव दिले. तो निरोप्या कोण, हे कळायला पुढे सत्तर वर्षे लागली. २००७ साली तो एक छोटे प्रथिन असल्याचे दिसून आले. भाताच्या रोपातही तसेच प्रथिन सापडले.

आपल्या गावचे दिनमान

आता हे सारे आपल्या गावाला लावून पाहू. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही गावे १९ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहेत. येथे २१ जूनच्या सुमारास दिवस सर्वांत मोठा म्हणजे सुमारे १३ तास १७ मिनिटांचा असतो, आणि २१ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लहान म्हणजे सुमारे १० तास ५८ मिनिटांचा. फरक फक्त सव्वादोन तासांचा. लंडनला हाच फरक जवळजवळ पावणेनऊ तासांचा असतो. उष्ण कटिबंधातील झाडाला इतक्या बारीक फरकावरून ऋतू ओळखावा लागतो, आणि ते तो ओळखते!

आता एक सोपे गणित करू. सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटे संधिप्रकाश असतो. तो मंद असला तरी झाडाच्या दृष्टीने तो दिवसच. तो धरला तर जूनमधील आपला दिवस चौदा तासांच्या घरात जातो. शेवंतीच्या अनेक जातींना कळी धरायला दिवस साधारण साडेतेरा तासांच्या आत यावा लागतो. आपल्याकडे १५ ऑगस्टला सूर्योदय ते सूर्यास्त हा काळ सुमारे १२ तास ४७ मिनिटांचा असतो. त्यात संधिप्रकाशाची पाऊण तासभर भर घातली की झाले साडेतेरा तास! म्हणजे आपण शाळेत झेंडावंदन करीत असतो, त्याच सुमारास शेवंतीच्या पानांतून शेंड्याकडे निरोप निघत असतो. कळी धरण्यापासून फूल उमलेपर्यंत जातीप्रमाणे आठ-दहा आठवडे जातात. मोजून पाहा. ऑक्टोबरचा दुसरा ते चौथा आठवडा! दसरा उशिरा असेल त्या वर्षी शेवंती वेळेवर येते. दसरा लवकर आला की शेतात कळ्याच असतात. हे गणित ढोबळ आहे, कारण प्रत्येक जातीची मर्यादा निराळी असते. काही लवकर फुलतात, तर काही डिसेंबर गाठतात. पण शेवंती हंगामी का, याचे उत्तर यातच आहे.

झेंडूचे तसे नाही. लहान दिवसात तो लवकर फुलतो खरा, पण मोठ्या दिवसातही अडून बसत नाही. लावणीपासून साधारण दोन महिन्यांत फूल येते. म्हणून झेंडूचा शेतकरी भिंतीवरच्या कॅलेंडरात दसरा पाहतो, तेथून दिवस मागे मोजतो आणि लावणीची तारीख ठरवतो. त्याला भीती असते ती वेगळी. ऐन तोडणीच्या वेळी परतीचा पाऊस आला, तर पाणी धरलेली फुले काळी पडून सडतात.

उजेड: एकदा अन्न, एकदा घड्याळ

तुम्ही म्हणाल, "जून-जुलैत दिवस सर्वांत मोठा असतो, मग तेव्हा झाडांना सर्वांत जास्त प्रकाश मिळत असेल." मुंबई-ठाण्याच्या बाबतीत हे खरे नाही! त्या महिन्यांत आभाळ भरलेले असते. स्वच्छ आकाशात भर दुपारी उजेड सुमारे एक लाख लक्स असतो. काळ्या ढगांखाली तो दहा हजारांच्याही खाली जातो. दिवस लांब, पण प्रकाश तुटपुंजा. डिसेंबरात उलट, दिवस लहान, पण आभाळ निरभ्र.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात ठेवा. झाड उजेडाचा उपयोग दोन प्रकारे करते. एक अन्न तयार करण्यासाठी; त्याला भरपूर प्रकाश लागतो. दुसरा वेळ जाणण्यासाठी. त्याला अगदी थोडा उजेड पुरतो. शेवंतीला रात्री जागे ठेवायला शंभर लक्सच्या आसपास उजेड पुरेसा होतो. म्हणजे दुपारच्या उन्हाच्या हजाराव्या हिश्शाइतका! म्हणूनच कितीही अंधारून आले तरी जुलैत शेवंतीला दिवस लांबच वाटतो आणि कळी धरत नाही. गुलाबाचे उलटे. त्याला घड्याळाची फिकीर नसते, पण प्रकाश कमी पडला की अन्न कमी पडते, दांड्या बारीक होतात आणि फुले लहान येतात.

अक्षांश एक, हवा दोन

बदलापूरपासून सरळ रेषेत सुमारे पासष्ट किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पलीकडे, तळेगाव दाभाडे आहे. दोन्ही ठिकाणच्या अक्षांशांत अर्ध्या अंशाहूनही कमी फरक आहे. त्यामुळे दिनमान जवळजवळ सारखेच. तरीही युरोपात जाणारा गुलाब मावळात पिकतो, बदलापुरात नाही. असे का?

बदलापूर समुद्रसपाटीपासून पन्नास मीटरांच्याही आत आहे, तर तळेगाव साडेसहाशे मीटरांच्या आसपास. हवेत दर हजार मीटर वर गेले की तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. या हिशेबाने तळेगाव चार अंशांनी थंड असायला हवे. शिवाय ते घाटाच्या पलीकडे असल्याने तिथे पाऊस कमी आणि रात्री अधिक गार.

बदलापूरची अडचण आणखी एक आहे. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीकडून कोरडे, गरम पूर्वेचे वारे वाहतात. समुद्राचा गार वारा मुंबईला दुपारी पोहोचतो; पण चाळीस किलोमीटर आत असलेल्या बदलापूरला तो उशिरा आणि दमून पोहोचतो. म्हणून मुंबईत पारा चौतीस-पस्तीसवर असताना बदलापूर-अंबरनाथकडे तो चाळिशी ओलांडतो. चारच महिन्यांनी त्याच गावात कपडे वाळत नाहीत इतका दमटपणा! अशा हवेत गुलाबावर रोग पडतात, आणि उन्हाळ्यात कळी घाईने उमलून लहान राहते.

उष्णतेचा परिणाम घड्याळावरही होतो. शेवंतीला कळी धरताना आणि भरताना रात्रीचे १६ ते १८ अंश तापमान मानवते. सप्टेंबरात बदलापुरात रात्रीही ते २३-२४ अंशांच्या आसपास असते. अशा वेळी दिनमान अनुकूल असूनही फूल उशिरा येते. याला बागाईतदार 'उष्णतेची दिरंगाई' म्हणू शकतील. म्हणजे दिनमान हे फुलण्याचा परवाना देते, पण गाडी किती वेगाने चालेल हे हवा ठरवते.

याच कारणाने विषुववृत्ताजवळच्या केनियात फुलांच्या बागा आहेत त्या समुद्रकाठी नव्हेत, तर सुमारे १,९०० मीटर उंचीवरच्या नैवाशा सरोवराकाठी. तेथे बाराही महिने दिवस बारा तासांचा आणि हवा गार. त्यामुळे गुलाब वर्षभर फुलतो.

सूर्याला चकवण्याची युक्ती

आता शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. झाडाचे घड्याळ उजेडावर चालत असेल, तर ते पुढे-मागे करता येईल की नाही? येते!

नोव्हेंबरात शेवंती लावली तर दिवस आधीच लहान असतो. रोप वीतभर होते न होते तोच कळी धरते. सुट्या फुलांच्या हाराला ते चालेल. पण फुलदाणीसाठी दांडीसकट विकायचे फूल, ज्याला व्यापारी 'कट फ्लॉवर' म्हणतात, त्याला लांब, ताठ दांडी हवी. म्हणून हरितगृहात, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत पॉलिहाउसमध्ये, पहिले काही आठवडे रात्री दहा ते दोन या वेळात रोपांवर दिवे लावतात. लांब रात्रीचे दोन लहान तुकडे होतात, झाडाला उन्हाळा वाटतो, आणि ते फक्त वाढत राहते. दांडी पुरेशी लांब झाली की दिवे बंद. त्या दिवसापासून आठ-दहा आठवड्यांनी फूल. दिवे कधी बंद करायचे ते शेतकरी ठरवतो; म्हणजे फुलण्याची तारीखही तोच ठरवतो.

उलट, मोठ्या दिवसांत फूल हवे असेल तर संध्याकाळपासून सकाळपर्यंत काळे कापड पांघरतात. गार्नर आणि अॅलर्ड यांचे खोपटेच हे! मात्र आपल्याकडे पाच वाजताच कापड ओढले तर आत ऊन कोंडते, तापमान वाढते, आणि उष्णतेच्या दिरंगाईने केलेले काम वाया जाते. म्हणून कापड केव्हा ओढायचे याचा विचार हवेप्रमाणे करावा लागतो. वीज आणि कापड दोन्हीला पैसा लागतो, हेही विसरू नका. भाव पडला तर तो खर्च अंगावर येतो.

काही वेळा सूर्याला न कळत चकवले जाते. रस्त्यावरचा दिवा, कारखान्याच्या आवारातील झोत, दुकानाची रात्रभर जळणारी पाटी यांच्या उजेडात आलेली शेवंती किंवा पॉइन्सेटिया उशिरा फुलते. उल्हासनगर किंवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांनी डिसेंबरात हे मुद्दाम पाहावे. एकाच झाडाची दिव्याकडील बाजू हिरवी आणि अंधाराकडील बाजू लाल झालेली दिसण्याचा संभव आहे. शहरे पसरत चालली की शेतांच्या रात्री उजळत जातात. भाताचे आणि फुलांचे शेत दिव्यांपासून दूर का हवे, याचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल.

जसे गाव तसे फूल

मग आपल्या भागात दांडीची फुले पिकवूच नयेत काय? तसे नाही. झाड निवडताना त्याचे मूळ घर कुठले, हे पाहिले पाहिजे. शेवंती आणि गुलाब थंड हवेतून आलेले आहेत. पण हेलिकोनिया, अँथुरियम आणि डेंड्रोबियम जातीचे ऑर्किड यांचे मूळ उष्ण, दमट जंगलांत आहे. कोकणच्या पावसाळी हवेशी त्यांचे जमते. ती मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. म्हणून त्यांना शेडनेटची सावली द्यावी लागते, आणि मार्च ते मे या काळात पाण्याचे तुषार मारून हवा ओलसर ठेवावी लागते. अँथुरियम आणि डेंड्रोबियम दिवसाच्या लांबीवर फारसे अडत नाहीत. हेलिकोनियात मात्र जातिपरत्वे फरक आहे. सिटाकोरम ही जात वर्षभर फुलते, तर स्ट्रिक्टा ही जात शेवंतीप्रमाणे लघुदिनी आहे. म्हणून रोप विकत घेताना केवळ 'हेलिकोनिया' एवढे विचारून भागत नाही. कोणती जात, हे विचारावे लागते.

करून पाहा

हा प्रयोग शाळेच्या व्हरांड्यात करता येईल. जूनमध्ये एकाच झाडाच्या काश्यांपासून शेवंतीच्या तीन कुंड्या लावा. रोपे चांगली धरली की जुलैच्या आरंभी त्यांना क, ख, ग अशी नावे द्या.

क कुंडी दिव्यापासून दूर, उघड्यावर ठेवा. ख कुंडीवर रोज संध्याकाळी सहा ते सकाळी आठपर्यंत पुठ्ठ्याचे खोके पालथे घाला. खोक्याला आतून काळा आणि बाहेरून पांढरा कागद लावा, पावसापासून ते सांभाळा, आणि सहा आठवडे एकही दिवस चुकवू नका. रविवारची पाळी आधीच लावून घ्या. ग कुंडी दिवसा इतरांबरोबर उन्हात ठेवा आणि रात्री रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली आणा. तिन्हींना पाणी आणि खत सारखेच द्या. वहीत दर आठवड्याला उंची, पानांची संख्या आणि पहिली कळी दिसल्याची तारीख लिहा. रोजचे किमान आणि कमाल तापमानही नोंदवा.

ख कुंडीला पहिली कळी आली, क कुंडीला तिच्यानंतर आली आणि ग नुसतीच वाढत राहिली, तर तुम्ही शंभर वर्षांपूर्वीचा शोध आपल्या गावात पडताळून पाहिला असे होईल. निकाल तसा आला नाही, तर त्याहून चांगले! मग कारण शोधा. खोक्याला फट होती का? क कुंडीवर रस्त्यावरचा दिवा पडत होता का? रात्री फार उकडत होते का? बदलापूरच्या आणि तळेगावच्या शाळांनी एकाच जातीची रोपे घेऊन एकाच आठवड्यात हा प्रयोग केला, तर दिनमान सारखे आणि हवा वेगळी असा सुंदर तुलनेचा योग येईल. पत्राने तारखा एकमेकांना कळवा. कळी दोन्हीकडे कोणत्या दिवशी दिसली आणि फूल कोणत्या दिवशी उमलले, या दोन आकड्यांतच दिनमानाचे काम किती आणि हवेचे किती, ते तुम्हाला वाचता येईल.